वकीलसाहेबांची किल्ली

आमच्या वकीलसाहेबांच्या गळ्यात शिंप्याचा टेप असायचा. कोर्टात शिरताना ते तो काढून काळ्या कोटाच्या खिशात कोंबायचे, बाकी दिवसभर तो गळ्यातच. नगरच्या कोर्टाजवळ एका चहाच्या दुकानावर त्यांची खोली होती. खाली चांगली ठळक पाटी होती, तरी जिना चढून आलेला नवा माणूस हमखास गोंधळायचा. एकदा भिंगारचे एक गृहस्थ कापडाची पिशवी घेऊन वर आले आणि म्हणाले, "दोन पायजमे आणि एक बंडी." साहेबांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, उभं करून सगळी मापं घेतली आणि कागदावर लिहून दिली. म्हणाले, "मापात चूक निघणार नाही. शिवायला मात्र समोरच्या गल्लीत जा, मला टाका घालता येत नाही." गृहस्थ आभार मानून गेले. पुढं ते पायजमे अगदी अंगाबरोबर बसल्याचं सांगायलाही आले होते.

मी तेव्हा तिशीची होते. नवरा वारल्यावर मराठी टायपिंग शिकले, एक जुनं मशीन मिळवलं आणि कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसू लागले. बाई टाइप करते म्हटल्यावर लोक आधी बघायला यायचे आणि मग काम द्यायचे. साहेबांनी एक दिवस ते बघितलं आणि त्यांच्या खोलीतलं खिडकीजवळचं अर्धं टेबल मला देऊन टाकलं. त्यांचे कागद आधी टाइप करायचे, एवढीच अट. मला वाटलं, सोपं आहे. त्यांचा एकेक कागद पाच-पाच वेळा टाइप करावा लागतो हे झाडाखाली बसून कसं कळणार?

त्यांच्याकडची कामं सगळी एकाच जातीची. पोलिसांविरुद्धची. कोणाला कोठडीत मारलं, कोणाचं नाव उगाच गोवलं, कोणाची बैलगाडी आठ दिवस ठाण्याच्या आवारात अडकवून ठेवली. दुसरे वकील असल्या माणसाला दारातूनच वाटेला लावायचे, कारण त्यांचं सगळं ठाण्याशी जमवून घेण्यावर चालायचं. आमच्याकडे मात्र तो माणूस आला की साहेबांचा चेहरा पाहुणा आल्यासारखा खुलायचा. आधी पोलिसांच्या वरच्या साहेबांकडे तक्रारअर्ज, त्यांनी दाद दिली नाही तर सरकारला नोटीस, आणि नोटिशीलाही उत्तर आलं नाही तर दिवाणी दावा. बहुतेक दावे शेवटी तडजोडीत मिटायचे. मिटले की साहेब दोन दिवस उदास असायचे.

पहिल्याच आठवड्यात मी एका अर्जात 'अमानुष मारहाण' असं टाइप केलं. त्यांच्या मसुद्यात नुसतं 'मारहाण' होतं. मला ते अळणी वाटलं, म्हणून मी मीठ घातलं.

साहेबांनी कागद वर धरला. "बाई, अमानुष म्हणजे किती इंच?"

"म्हणजे?"

"वळ साडेसात इंचांचा आहे. मी स्वतः मोजलाय. डाव्या खांद्यापासून खाली. तो लिहिलाय. आता हा अमानुष कुठून कुठपर्यंत आहे?"

माझा स्वभाव गप्प बसण्याचा नाही, पण मी मुकाट्यानं मशीनवर नवा कागद चढवला. तो टेप कशासाठी आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी विशेषणं घालायचं सोडलं, पण मनातल्या मनात घालत राहिले आणि अजूनही घालते.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे तीनदा ऐकणं. आलेल्या माणसाला ते आपली हकिकत तीन वेळा सांगायला लावत. पहिली उभ्यानं. दुसरी जेवताना, म्हणजे साहेबांच्या डब्यातली अर्धी भाकरी त्याच्या हातात देऊन. तिसरी चालताना, भुईकोटाच्या खंदकाच्या कडेनं एक पूर्ण फेरी मारत. तिन्ही वेळा जे सारखं येईल तेवढंच अर्जात. बाकीचं गळून जायचं. ते म्हणायचे, "उभा माणूस मला ऐकवायला सांगतो. जेवताना तो आठवून सांगतो. आणि उन्हात चालताना कोणाला तिखटमीठ लावायला दम नसतो." एका कापडाच्या व्यापाऱ्याला फौजदारानं म्हणे चार थपडा मारल्या होत्या. जेवताना त्या दोन झाल्या आणि खंदकाची फेरी संपेपर्यंत एक उरली. साहेबांनी एक लिहिली. व्यापारी चिडला. साहेब शांतपणे म्हणाले, "अहो, एकही मारायचा त्याला अधिकार नव्हता. चार कशाला पाहिजेत तुम्हाला?"

आता असा माणूस पोलिसांचा वैरी असेल असं कोणालाही वाटेल. पण पोलीस लाइनीतल्या अर्ध्या घरांचे अर्ज आमच्याकडेच लिहिले जायचे. सुरुवात अशी झाली की, आमच्याकडे कोण येतं-जातं ते टिपायला एक शिपाई समोर उन्हात उभा करून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी साहेब खाली गेले आणि त्याला म्हणाले, "इथून तुम्हाला जिना नीट दिसत नाही. वर येऊन बसा, नावंही विचारता येतील." तो बिचारा वर येऊन बाकावर बसला. आठ दिवसांत त्यानं सांगून टाकलं की घरी आई आजारी आहे आणि वरचा जमादार रजा देत नाही. साहेबांनी त्यालाही उभ्यानं, जेवताना आणि चालताना ऐकलं. त्याला रजा मिळाली. मग काय, लाइनीतून रांग लागली. एकदा तर एका ठाण्यावरची नोटीस आणि त्याच ठाण्यातल्या शिपायाचा रजेचा अर्ज मी एकाच पाकिटात घातला होता. डिंक लावता लावता लक्षात आलं म्हणून निभावलं.

दोन गोष्टींचा त्यांना अभिमान होता. एक पंचांग. ते खिळ्याला टांगलेलं असायचं. साहेबांचा देवधर्माशी काही संबंध नव्हता, ग्रहण लागलं की ते मुद्दाम भजी मागवायचे. पण खेड्यातला माणूस तारीख सांगत नाही. तो सांगतो, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, अवसेच्या आधीच्या बाजारी. त्या सगळ्याची तारीख साहेब पंचांग बघून चुटकीसरशी काढायचे आणि म्हणायचे, "हा माझा पहिला साक्षीदार. कधी फिरत नाही."

दुसरी, खोलीची किल्ली. ती एकच होती. मी कितीदा म्हटलं, मला एक करून द्या, मी लवकर येते, पायरीवर बसावं लागतं, चहावाल्याची गिऱ्हाइकं बघत राहतात. ते म्हणायचे, "दोन किल्ल्या झाल्या की दोघंही म्हणतात, दुसऱ्यानं लावलं असेल. एक असली की जबाबदारी एकाची." मी चार वर्षं त्या पायरीवर बसले. किती तास होतात ते मोजायचं मी कटाक्षानं टाळलं आहे.

आणि मग ते दुष्काळाचं वर्ष आलं आणि तो माणूस आला.

काष्टीच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. चाळिशीचा, उंच, हाडकुळा, धुतलेला सदरा. दारात "जय भीम, सायेब" म्हणाला आणि उभाच राहिला. ठाणं कुठलं, फौजदार कोण, ते मी इथं सांगत नाही. माणसं गेली, त्यांची मुलंबाळं आहेत.

साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

"सायेब, माज्या किल्ल्या गेल्या."

आम्हाला वाटलं, चोरीची तक्रार आहे. साहेब म्हणाले, "सावकाश सांगा. उभ्यानंच सांगा."

हकिकत अशी होती. त्या दिवसांत वस्तीवरची सगळी घरंच्या घरं दुष्काळी कामावर जायची, खडी फोडायला, आणि तिकडेच पालं ठोकून राहायची. ऊसतोडीलाही तसंच. जाताना घराला कुलूप लावायचं आणि किल्ली ह्या माणसाकडे ठेवायची. त्याची आई पायानं अधू असल्यामुळे त्याच्या घरी कायम कोणीतरी असायचं, ही एक गोष्ट, आणि दुसरी म्हणजे तो तसा माणूस होता. त्याच्या घरात भिंतीवर खिळ्यांची रांग होती, एकेका घराचा एकेक खिळा. गावातल्या दोन शेतकरी घरांच्या किल्ल्यासुद्धा त्याच्याकडे यायच्या. हे सांगताना त्याची मान थोडी वर झाली. वस्तीवरच्या माणसाकडे गावातली किल्ली, हे त्या काळी रोजचं नव्हतं.

मग कामावरच्या पहारी आणि घमेली मोजणीत कमी भरली. फौजदार आला. मुकादमानं बोट केलं, कारण हा माणूस हजेरीच्या वेळी हिशेब विचारायचा. चावडीत मारलं. वर त्याच्या डोक्यावर घमेलं उपडं घालून त्याला भर बाजारातून फिरवलं. दहा दिवसांनी पहारी आणि घमेली मुकादमाच्याच दुसऱ्या कोठीत सापडली, मोजणीत ती कोठी राहून गेली होती. फौजदार म्हणाला, बरं झालं सापडली, आणि निघून गेला.

"आणि मग?" साहेबांनी विचारलं.

"मग काय. येकेक जन आला. कुनी काय बोललं न्हाई सायेब. 'जरा किल्ली दे, आतलं काढायचंय,' म्हनायचं आन न्यायचं. परत कुनी ठिवली न्हाई. खिळं मोकळं हायेत."

जेवतानाही तेच सांगितलं. खंदकाची फेरी मारून आल्यावर साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाई, शब्द न शब्द सारखा. मारलं ते तिन्ही वेळा एकाच वाक्यात, बाकी सगळं किल्ल्यांचं."

"कधी झालं हे?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं होतं.

"जयंतीच्या आदल्या बाजारी."

"कोणती जयंती?"

"बुद्धाची. वैशाखी पुनव."

साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे टिपणात लिहिले, पंचांग काढलं, वैशाख उघडला, पौर्णिमा बघितली, तिच्या आधीचा बाजारवार मोजला आणि तारीख घातली. मी ती टाइप केली. अर्ज वाचून दाखवला तेव्हा तो माणूस तारखेला "व्हय" म्हणाला. आकड्यातल्या तारखा त्याच्या काही उपयोगाच्या नव्हत्या. साहेबांनी काढली म्हणजे बरोबर असणार.

वरच्या साहेबांकडचा अर्ज नेहमीसारखा धूळ खात पडला. नोटीस गेली, मुदत भरली, दावा लागला. मग सरकारतर्फे कैफियत आली, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर. साहेबांनी उभ्या उभ्या वाचली आणि खुर्चीत बसले. त्यांना तसं बसताना मी कधी बघितलं नव्हतं.

कैफियतीत लिहिलं होतं, की वादी ज्या तारखेला मारहाण झाली म्हणतो, त्या तारखेला सदर फौजदार त्या ठाण्यावर रुजूच झाले नव्हते. ते पुढं पंधरा दिवसांनी आले. दुष्काळी कामही तेव्हा सुरू नव्हतं. सबब दावा खोटा आहे, तो खर्चासह फेटाळावा, आणि खोटी तक्रार केल्याबद्दल वादीवर कारवाई करायला परवानगी मिळावी.

साहेबांनी खिळ्यावरचं पंचांग काढलं. वैशाखाचं पान उघडलं. पानाच्या डोक्यावर स्वच्छ छापलं होतं, 'अधिक'. त्या वर्षी वैशाख दोन होते. साहेबांनी पहिला धरला. जयंती दुसऱ्यात होती.

मी म्हटलं, "अहो, पण तुम्हाला अधिकमास ठाऊक नाही असं कसं?"

"ठाऊक होता. लक्षात नव्हता." मग पंचांग मिटून म्हणाले, "बाई, तुम्ही कधी बुद्धजयंतीला कोणाकडे गेलात?"

"नाही."

"मीही नाही. म्हणून तर पंचांग बघावं लागलं. नगरमध्ये इतकी घरं आहेत. कोणत्याही दारात विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

त्या माणसाला बोलावून सांगितलं तेव्हा मला वाटलं, तो ओरडेल. मी असते तर ओरडले असते. तो खाली बघत म्हणाला, "म्हंजी सायेब, आदी चोर हुतो, आता खोटा बी झालो." आणि साहेबांकडे बघून त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण लगेच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमी तरी काय करनार." नवी नोटीस द्यावी तर मुदत कधीच टळून गेली होती.

त्या दिवशी दुपारी साहेब म्हणाले, "एकच वाट आहे. त्यानं तोंडी काय सांगितलं ते माझ्या टिपणात आहे, माझ्या हस्ताक्षरात. ते टिपण कोर्टापुढे मीच शाबीत करू शकतो. साक्षीदार म्हणून."

"पण वकिलाला आपल्याच अशिलासाठी साक्ष कशी देता येईल?"

"वकील असेपर्यंत नाही देता येत."

मला कळायला वेळ लागला. पोलिसांविरुद्ध तीस वर्षं लढलेला माणूस, ज्याच्या अर्जात तारीख चुकत नाही अशी त्याची ख्याती, तो आपलं वकीलपत्र सोडून देऊन भर कोर्टात पिंजऱ्यात उभा राहणार आणि सांगणार की माझी चूक झाली. समोरचे वकील हसणार, ठाण्याठाण्यांत हसणार, आणि यापुढं त्यांच्या प्रत्येक अर्जावर सरकारी वकील म्हणणार, तारीख तपासून घ्या हो, पंचांगातली असेल.

मी म्हटलं, "ठीक आहे. मग उभे राहा."

"कशाला?"

"मला सांगा काय झालं ते. उभ्यानं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खरंच उठून उभे राहिले आणि सांगितलं. मग मी माझ्या डब्यातली अर्धी पोळी त्यांच्या हातात दिली, त्यांनी जेवताना सांगितलं. मग आम्ही खंदकाची फेरी मारली. कोर्टातली माणसं वळून वळून बघत होती, बघू देत म्हटलं. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "मी मूर्खासारखं पहिलं पान उघडलं."

"हे पहिल्या दोन वेळा नव्हतं," मी म्हटलं. "आणि विशेषण आहे. काढा."

साहेब रस्त्यातच थांबले आणि हसू लागले. इतके हसले की टेप गळ्यातून घसरून खाली पडला. मला तेव्हा ते इतके आवडले, की त्या पायरीवरची चार वर्षं मी त्यांना माफ करून टाकली.

तारखेच्या दिवशी त्यांनी वकीलपत्र सोडल्याचा अर्ज दिला, दावा एका तरुण वकिलाच्या हाती सोपवला, काळा कोट काढून माझ्या हातात दिला आणि शर्टावरच पिंजऱ्यात चढले. कोर्टात बसायला जागा नव्हती. सरकारी वकिलांनी उलटतपासात विचारलं, "इतक्या वर्षांत अशी चूक कधी केली होती?"

"सापडलेली ही पहिलीच."

कोर्ट हसलं. न्यायाधीशसुद्धा.

"मग वादीच्या सांगण्यावर विश्वास का ठेवायचा?"

"कारण त्यानं बरोबर सांगितलं होतं. त्यानं दिवस सांगितला, मी तारीख लिहिली. मी पंचांगाला विचारलं. यांना विचारायला हवं होतं."

यावर कोणी हसलं नाही. टिपण दाखल झालं. न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं, दाव्यातली तारीख दुरुस्त करायला परवानगी दिली, आणि सरकारी वकिलांना म्हणाले, "त्या आदल्या बाजारी तुमचे फौजदार कुठं होते, तेही आता सांगा." ते सांगणं अवघड होतं. पुढच्या तारखेआधीच तडजोडीचा निरोप आला.

तडजोडीला फौजदार स्वतः आला होता. पंचविशीतला, घाबरलेला. भरपाई द्यायला सरकार तयार होतं. किती, ते मला आठवत नाही आणि त्या माणसालाही पुढं आठवत नसावं, कारण तो सारखं एकच म्हणत होता, "ते ऱ्हाऊ द्या. किल्ल्यांचं काय?"

सरकारी वकील म्हणाले, "किल्ल्यांचं कोर्ट काय करणार? लोकांनी किल्ल्या ठेवाव्यात असा हुकूम काढता येतो का?"

साहेब आता ह्या दाव्यात वकील नव्हते, ते दाराबाहेर बाकावर बसले होते. तरुण वकील आत-बाहेर करत होता आणि मी मांडीवर कागद घेऊन साहेब सांगतील ते लिहून घेत होते. शेवटी तडजोडीच्या कागदात एक कलम पडलं. फौजदारानं स्वतः वस्तीवर जाऊन, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं की सामान कोठीतच होतं, मोजणीत चूक झाली आणि ह्या माणसानं काहीही चोरलं नव्हतं.

त्या दिवशी साहेब मलाही घेऊन गेले. काष्टीला एस.टी.तून उतरलो आणि वस्तीपर्यंत चालत गेलो. वस्ती जमली होती, गावातलेही पाच-सात जण आले होते. फौजदारानं कागद काढला आणि स्टँडवर गाड्यांची नावं पुकारतात तसा एका दमात वाचून टाकला. कोणाला काही कळलं, कोणाला नाही. घामानं त्याची कॉलर भिजली होती. वाचून झाल्यावर तो त्या माणसासमोर क्षणभर थांबला, काहीतरी पुटपुटला, आणि जीपकडे गेला.

जीप गेली. माणसं तशीच उभी होती. एकही माणूस हलला नाही. तो माणूस आपल्या दारात उभा होता आणि त्याच्या मागं, उघड्या दारातून, भिंतीवरची खिळ्यांची रांग दिसत होती. कागद वाचून झाला होता, कलम पाळलं गेलं होतं, कोर्टाचं काम संपलं होतं. एवढा खटाटोप करून, मला वाटलं, काही झालंच नाही.

साहेबांनी खिशात हात घातला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी चार दिवस पुण्याला चाललोय. ऑफिसची किल्ली जवळ बाळगायची म्हणजे हरवायची भीती. एवढी ठेवून घेता का?"

तो माणूस बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हात धोतराला पुसले, किल्ली घेतली, आत गेला आणि पहिल्या खिळ्याला अडकवली. गर्दीतली एक म्हातारी हे बघत होती. ती वळली, आपल्या घराला कुलूप घालायला गेली, आणि पदराला बांधलेली किल्ली सोडत परत आली. त्या दिवशी तेवढीच एक आली.

परत येताना मी त्या म्हातारीच्या किल्लीचाच विचार करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी पायरीवर बसले आणि माझ्या लक्षात आलं. ती एकच किल्ली होती! माझं मशीन आत, दोन निकडीचे कागद आत, आणि साहेब खोटं बोलायचं नाही म्हणून खरंच पुण्याला जाऊन बहिणीकडे बसलेले. मी दिवसभर धुसफुसले. तिसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. पकडली आणि त्या उन्हात परत काष्टी, परत ती पायपीट.

तो माणूस अंगणात दोर वळत होता. मी म्हटलं, "साहेबांची किल्ली द्या हो, माझं काम अडलंय."

तो उठून उभा राहिला. "सायबांची चिठ्ठी हाय का, बाई?"

"चिठ्ठी? अहो, मी! तुमचे सगळे कागद मी टाइप केलेत! परवाच तर आले होते!"

"व्हय बाई, वळखतो की. पन किल्ली सायबांची हाय. त्यांनी ठिवली, त्येच न्हेतील, न्हाईतर चिठ्ठी पाटवतील."

मी चढ्या आवाजात बोलले. मी शहाणपण शिकवलं. माझं मशीन आत आहे, माझं पोट त्यावर आहे, हेसुद्धा सांगितलं. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता, आणि किल्ली देत नव्हता. त्याच्या बायकोनं मला सावलीत बसवलं, पाणी दिलं, भाकरी आणि ठेचा दिला. "त्यांचं आसंच हाय," ती म्हणाली, "माज्या भावाला बी दिली नव्हती." दारादारांत बायका येऊन उभ्या होत्या आणि नगरची बाई भांडून भांडून हरते आहे ते बघत होत्या.

मी भाकरी खाऊन निघाले तेव्हा दोन बायका किल्ल्या घेऊन त्याच्या अंगणात शिरत होत्या. वस्तीच्या बाहेर पडेपर्यंत मी मागं वळून बघत होते. गावाकडून एक शेतकरी सायकल हातात धरून येत होता. तो कशाला येत होता ते मी विचारलं नाही, पण त्याच्या वरच्या खिशातून चांगलीच मोठी किल्ली डोकावत होती.

साहेब परत आले तेव्हा मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, मी तिथं जाणार?"

"चार दिवस गप्प बसायचा तुमचा स्वभाव नाही," ते म्हणाले. "आणि चिठ्ठीशिवाय द्यायचा त्याचा नाही."

त्यांनी माणूस बोलावून कुलूप फोडलं आणि नवं लावलं. त्याच्या दोन किल्ल्या होत्या, एक मला दिली. जुनी मात्र त्यांनी परत मागितली नाही. म्हणाले, "असू दे तिथं. तिथं ती कामाची आहे."

तीन-चार वर्षांनी साहेब गेले. खोली सोडायची म्हणून मी त्यांचे कागद बांधत होते, तर जिन्यावर पावलं वाजली. तोच माणूस, तसाच धुतलेला सदरा. त्याला उशिरा कळलं होतं. त्यानं खिशातून फडक्याची घडी काढली, उलगडली, आणि ती किल्ली माझ्यापुढं धरली.

"ज्याची हाय त्याच्या हातात द्यायची, बाई. आता कुनाला देऊ?"

मी हात पुढं केला आणि मागं घेतला. मग मशीनमध्ये कागद चढवला आणि टाइप केलं, 'ही किल्ली यांच्याकडेच राहू द्यावी.' खाली मी सही केली. 'विश्वासू' हे विशेषण बोटांपर्यंत आलं होतं, ते टाइप केलं नाही.

त्यानं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. मग कागदाची घडी करून किल्ली त्यात ठेवली, वर फडकं गुंडाळलं, आणि काष्टीची गाडी चुकेल म्हणून घाईनं जिना उतरला.